बाबांना क्लिनिकल ट्रायलसाठी विचारलंय. सोप्या मराठीत कोणी समजावून सांगेल का?

मानसी_कर्वेनगर

नमस्कार मंडळी,

बाबांचं वय ७१. अठरा वर्षं मधुमेह. गेली दोन वर्षं तळपायांची आग होते आणि ती रात्री वाढते. दीड-दोनच्या सुमारास उठतात आणि स्वयंपाकघरात मोरीजवळ, जिथे फरशी सगळ्यात गार असते तिथे, पाय टेकवून खुर्चीत बसून राहतात. आई काशाच्या वाटीने तळपाय घासून देते. तेवढ्यापुरतं बरं वाटतं.

पुण्यातल्याच एका विद्यापीठाच्या रुग्णालयात त्यांना दाखवतो. मागच्या गुरुवारी तिथल्या डॉक्टर म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात इथे याच त्रासावरच्या औषधाची ट्रायल सुरू होणार आहे. तुम्ही त्यात बसू शकाल. घाई नाही, घरी विचार करा." आणि हातात सतरा पानांचं माहितीपत्रक दिलं. मराठीत आहे, पण हे वाक्य वाचा:

"सदर अभ्यास यादृच्छिकीकृत, दुहेरी-अंध, प्लासिबो-नियंत्रित असून विषयास दोनपैकी एका भुजेत नियुक्त केले जाईल."

बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं मराठी शिकवत होते. त्यांनी हे तीनदा वाचलं आणि मला विचारलं, "माझ्या कुठल्या हाताला काय करणार आहेत गं?"

आई म्हणते, आपल्या माणसावर कसले प्रयोग करून घ्यायचे. सांगलीचा भाऊ फोनवर म्हणाला, सही करू नका. मला नाही म्हणायचं नाही आणि हो म्हणायचीही भीती वाटते. कोणाला अनुभव आहे का? काय विचारायचं, कोणाला विचारायचं?

प्रशांत_वारजे

नको. आहे ते औषध चालू ठेवा.

हडपसरचा_श्याम

प्रशांतशी सहमत. औषध चांगलं असेल तर बाजारात येईलच, तेव्हा घेता येईल. या वयात कशाला?

कोऑर्डिनेटर_ताई

मानसी, मी अकरा वर्षं हेच काम करते. ट्रायलमधल्या लोकांना माहिती देणं, तारखा सांभाळणं, गोळ्या मोजणं, रात्री-अपरात्री त्यांचे फोन घेणं. तुमचं रुग्णालय कुठलं ते मला माहीत नाही आणि सांगूही नका. पण ते वाक्य मी उलगडून देते.

आधी "चाचणी" हा शब्द. आपल्याकडे चाचणी म्हणजे रक्ताची नाहीतर सहामाहीच्या आधीची. "क्लिनिकल चाचणी" म्हटलं की निम्मे लोक बाही वर करतात. इथे परीक्षा औषधाची असते, तुमच्या बाबांची नाही.

"यादृच्छिकीकृत" म्हणजे चिठ्ठ्या टाकून. घरात चिठ्ठी उचलतो तसंच, फक्त ती संगणक उचलतो. डॉक्टरांनी स्वतः निवड केली तर काय होतं? जो जरा धडधाकट दिसतो त्यालाच नवं औषध द्यावंसं वाटतं. मग गुण औषधाने आला की माणूस मुळातच धडधाकट होता, हे कळायला मार्ग राहत नाही.

"भुजा" म्हणजे गट. इंग्रजीत गटाला आर्म म्हणतात, कोणीतरी शब्दाला शब्द ठेवला आहे.

"दुहेरी-अंध" म्हणजे कोणाला कुठली गोळी मिळते आहे ते रुग्णालाही माहीत नसतं आणि डॉक्टरलाही. आपल्याला नवं औषध मिळतंय हे कळलं की माणसाला नुसत्या आशेनेही बरं वाटतं. माझ्यासमोर एक आजी "अंध" हा शब्द ऐकून खुर्चीतून उठल्या होत्या. "डोळ्यांचं काही करणार असाल तर मी नाही बाई." त्या दिवसापासून मी तो शब्द तोंडी वापरत नाही. आणि अडीनडीला, म्हणजे रुग्णाला काही झालं आणि उपचारासाठी कळणं गरजेचं असेल, तर कोड उघडून त्याला कुठली गोळी मिळते आहे ते बघता येतं. तो कोण उघडतं आणि रात्री दोन वाजता उघडता येतो का, हे नक्की विचारा.

"प्लासिबो" म्हणजे दिसायला तशीच, पण आत औषध नसलेली गोळी.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ट्रायल म्हणजे बाबांसाठी आखलेला उपचार नव्हे. एका प्रश्नाचं उत्तर शोधायचं असतं आणि ते उत्तर मुख्यतः पुढच्या रुग्णांच्या उपयोगी पडतं. बाबांना फायदा होईल, होणार नाही, कदाचित त्रासही होईल. हे ज्याने तुम्हाला स्पष्ट सांगितलं तो माणूस भरवशाचा. म्हणून पहिला प्रश्न हा: "बाबा प्लासिबोच्या गटात गेले तर त्यांची आत्ताची औषधं चालू राहणार की बंद?" याचं उत्तर लेखी घ्या.

रेवा_डेक्कन

ताई, किती छान समजावलंत. वाचनखूण साठवली. एक शंका: या औषधाचा टप्पा कुठला हेही विचारायचं असतं ना?

कोऑर्डिनेटर_ताई

हो रेवा, राहिलंच. पहिल्या टप्प्यात थोडेच लोक असतात, बहुतेक वेळा निरोगी, आणि औषध झेपतं का, किती द्यायचं एवढंच बघतात. दुसऱ्यात आजार असलेले लोक येतात आणि गुण येतो का ते पाहतात. तिसऱ्यात शेकड्यांनी, कधी हजारांनी लोक, आणि आधीच्या उपचाराशी किंवा प्लासिबोशी तुलना. चौथा टप्पा औषध बाजारात आल्यानंतरचा. पहिला टप्पा आणि तिसरा टप्पा यांतली जोखीम एकसारखी नसते.

हडपसरचा_श्याम

ताई, तुमच्याबद्दल आदर आहे. पण कागदावर सगळं छानच असतं. २००९-१० साली आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यात मुलींना एचपीव्हीची, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची, लस दिली गेली, तेव्हा अनेक संमतीपत्रांवर आई-वडिलांच्या ऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या निघाल्या. तो प्रकल्प २०१० मध्ये थांबवावा लागला. संसदेच्या समितीने ताशेरे ओढले. गरीब, आदिवासी घरच्या मुली होत्या. त्यांना कोणी संमतीचा अर्थ समजावला होता?

मीनाक्षी_वकील

श्याम, तुमचा राग योग्य आहे आणि त्या प्रकरणाचा उल्लेख व्हायलाच हवा होता. एक गोष्ट जोडते. तिथे काही मुलींचे मृत्यू झाले, त्यांचा लशीशी संबंध चौकशीत दिसला नाही. पण संमतीतला गलथानपणा खराच होता, आणि माझ्या मते तेवढाही पुरेसा गंभीर आहे.

त्यानंतर बरंच बदललं. इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंचाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सरकारला धारेवर धरलं. आता २०१९ चे नियम लागू आहेत. मानसी, त्यातलं तुमच्या कामाचं तेवढंच सांगते.

संमतीपत्र बाबांना समजेल अशा भाषेत हवं आणि सही झाल्यावर त्याची एक प्रत त्यांना मिळायलाच हवी. बाबा कधीही, कारण न देता, बाहेर पडू शकतात आणि त्यामुळे त्यांचे तिथले नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत. ट्रायलदरम्यान इजा झाली तर उपचाराचा खर्च त्यांचा नाही. ती इजा ट्रायलमुळे नाही असं सिद्ध होईपर्यंत किंवा डॉक्टरांना गरज वाटते तोवर, यातलं जे आधी होईल तोपर्यंत, उपचार मोफत. इजा ट्रायलमुळेच झाली असेल तर भरपाई वेगळी. मृत्यू झाला तर ती ८ लाखांची मूळ रक्कम धरून वय आणि आजाराची जोखीम यांच्या सूत्राने काढतात. गंभीर काही घडलं की डॉक्टरांना २४ तासांत कळवावं लागतं, औषध नियंत्रकांना, प्रायोजकाला आणि एथिक्स कमिटीला, म्हणजे ट्रायलला मान्यता देणाऱ्या आणि तिच्यावर लक्ष ठेवणाऱ्या समितीला.

सतरा पानांत एथिक्स कमिटीचा दूरध्वनी क्रमांक असेल. आधी तो शोधा.

मानसी_कर्वेनगर

सापडला. पान पंधरा, तळाला, बारीक अक्षरात. बाबांनी त्याच्याभोवती लाल पेनाने गोल केलाय.

शिरूरकर

आमचा धाकटा ट्रायलमध्ये होता म्हणून लिहितो. आमचं गाव वढूजवळ. तिथे पुण्याच्या केईएमचं संशोधनाचं काम १९७७ पासून चालू आहे. जुलाबावरच्या रोटा लशीची ट्रायल तीन ठिकाणी झाली, दिल्ली, वेल्लोर आणि आमचं वढू. एकूण ६,७९९ बाळं. तीनपैकी दोघांना लस आणि एकाला प्लासिबो.

माझी आई तेव्हा तुमच्या आईसारखीच म्हणाली होती, पोराचा उंदीर करताय का. पण काम करणाऱ्या ताई आमच्याच शिवारातल्या. ओसरीवर बसायच्या, चहा घ्यायच्या, बाळाला किती वेळा शी झाली ते वहीत लिहायच्या. एकदा बाळाला रात्रीतून जुलाब सुरू झाले. सकाळी ताईंनी त्याच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, ती लगेच खाली बसेना. त्यांनी तिथल्या तिथे गाडी बोलावली. सलाईन लागलं, बाळ तिसऱ्या दिवशी खेळायला लागलं.

निकाल २०१४ मध्ये आला. रोटा विषाणूमुळे होणाऱ्या गंभीर जुलाबांची साधारण निम्मी प्रकरणं लशीने टळली होती. २०१६ पासून ती सरकारी लसीकरणात येऊ लागली. धाकट्याला आता सांगतो, तू लंगोटात असताना देशाच्या कामाला आला आहेस.

प्रशांत_वारजे

शिरूरकर, पण त्याला लस मिळाली होती की प्लासिबो?

शिरूरकर

आम्ही कधी विचारलं नाही. बहुधा विचारलं असतं तर सांगितलं असतं.

नंदिनी_औंध

चेस्ट हॉस्पिटलच्या मागच्या रस्त्याला आमचं घर आहे, त्यावरून आठवलं. माझ्या आजोबांना क्षय झाला होता. ते सांगायचे, तेव्हा सॅनिटोरियममध्ये महिनोन् महिने राहावं लागे, घरच्यांची भेट लांबूनच. क्षयाचा रोगी घरी राहून गोळ्या घेऊन तितकाच बरा होतो आणि घरच्यांना जास्त धोका होत नाही, हे जगाला दाखवून दिलं ते मद्रासच्या ट्रायलने, १९५९ मध्ये. त्यातही चिठ्ठ्याच टाकल्या होत्या, कोण घरी आणि कोण सॅनिटोरियममध्ये. त्या रुग्णांची नावं कोणाला माहीत नाहीत. पण आज कोणाला क्षय झाला तर तो आपल्या घरात, आपल्या माणसांत बरा होतो, तो त्यांच्यामुळे.

ओंकार_पिंपरी

मी सहसा अशा धाग्यांवर लिहीत नाही.

एप्रिल २०२१. बाबा कोविडने व्हेंटिलेटरवर. रुग्णालयाने चिठ्ठीवर लिहून दिलं, प्लाझ्मा आणा, म्हणजे कोविडमधून बऱ्या झालेल्या माणसाच्या रक्तातला द्रव. मी सलग दोन दिवस फोन करत होतो. रात्री दोनला चाकणचा एक मुलगा तयार झाला. ओळख ना पाळख, मोटारसायकलवर आला, प्लाझ्मा देऊन पहाटे पाचला कामावर गेला. त्याचा चेहरा मी विसरणार नाही. बाबा चौथ्या दिवशी गेले.

नंतर कळलं की आयसीएमआरने, म्हणजे सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेने, आपल्याच देशातल्या ३९ रुग्णालयांत, ४६४ रुग्णांवर प्लाझ्माची ट्रायल केली होती. त्याने मृत्यू टळत नाहीत, हा निकाल ऑक्टोबर २०२० मध्येच छापून आला होता. आम्ही वणवण केली त्याच्या सहा महिने आधी. सरकारी सूचनांतून प्लाझ्मा काढला तो मे २०२१ मध्ये. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या ट्रायलने जून २०२० मध्ये दाखवलं होतं की डेक्सामेथासोन हे साधं, स्वस्त स्टेरॉइड व्हेंटिलेटरवरच्या माणसांचे मृत्यू तिसऱ्या हिश्श्याने कमी करतं.

श्याम, तुम्ही म्हणता "औषध चांगलं असेल तर येईलच". चांगलं आहे हे कोणीतरी त्यात सहभागी झाल्याशिवाय कळत नाही. आणि निरुपयोगी आहे हेही नाही. ते लोकांपर्यंत वेळेत पोचलं असतं तर ते दोन दिवस मी बाबांजवळ बसलो असतो.

रेवा_डेक्कन

ओंकार, काय बोलावं कळत नाही. त्या चाकणच्या मुलाचं भलं होवो.

हडपसरचा_श्याम

ओंकार, मनापासून वाईट वाटलं. तुमचं म्हणणं मान्य. माझा मुद्दा मात्र मी सोडत नाही. ट्रायलमध्ये कोण जातं? मोठ्या सरकारी रुग्णालयात पहाटे केसपेपरला रांग लावणारा. त्याला "तपासण्या मोफत, येण्याजाण्याचा खर्च मिळेल" म्हटलं की तो हो म्हणणार. त्या होकाराला मी संमती म्हणत नाही.

कोऑर्डिनेटर_ताई

श्याम, हे मलाही टोचतं. म्हणूनच प्रवासखर्च किती आणि कधी द्यायचा हे आधी एथिक्स कमिटीपुढे मांडावं लागतं. रक्कम इतकी मोठी नको की माणूस त्यासाठीच येईल, आणि इतकी कमीही नको की त्याची रोजी बुडेल. दुबळ्या गटातला माणूस असेल आणि औषध अगदी नवं असेल तर संमती घेताना व्हिडिओ चित्रण करावं लागतं. तरीही मी सांगते, कॅमेऱ्यासमोर मान डोलावणारा माणूस मी पाहिला आहे. मी त्याला म्हणते, "आता तुम्ही मला सांगा, मी काय सांगितलं ते." सांगता आलं नाही तर सही त्या दिवशी घेत नाही.

आणि सगळं सोडून दिलं तर नुकसान गरिबाचंच होतं. ससूनच्या बीजे मेडिकल कॉलेजने एका आठ देशांच्या ट्रायलमध्ये भाग घेतला होता. एचआयव्ही असलेल्या ९५६ गरोदर बायका, आणि क्षय होऊ नये म्हणून द्यायची आयसोनियाझिडची जुनी गोळी गरोदरपणात सुरू करावी की बाळंतपणानंतर, हा प्रश्न. २०१९ मध्ये निकाल आला. गरोदरपणात गोळी सुरू केलेल्यांमध्ये गर्भाला आणि बाळाला त्रास जास्त आढळला. ही गोळी कितीतरी वर्षं वापरात होती आणि कोणी हा प्रश्न नीट तपासला नव्हता.

अप्पा_सदाशिव

मी निवृत्त बँक कर्मचारी. सहा वर्षं एका एथिक्स कमिटीवर "सामान्य व्यक्ती" म्हणून बसतो. नियमच तसा आहे: किमान सात सदस्य, त्यात एक सामान्य माणूस, एक स्त्री, एक कायदा जाणणारा, निम्मे तरी संस्थेबाहेरचे आणि अध्यक्ष बाहेरचाच. माझं काम एकच. मराठी कागद वाचायचा आणि मला कळला नाही तर हात वर करायचा. पहिल्या वर्षी मी गप्प बसायचो. समोर सगळे प्राध्यापक, आपण काय बोलणार. मग एका कागदावर "विषयाचा मृत्यू झाल्यास" असं वाचलं. मी म्हटलं, साहेब, विषय मरत नाही, माणूस मरतो. तेव्हापासून आमच्याकडे "सहभागी" लिहितात.

मानसी, तुमच्या बाबांना सांगा, जे कळलं नाही ते सगळं त्या कागदावरच लिहून परत द्या. लाल पेन आहेच.

सौरभ_बाणेर

अवांतर: विद्यापीठात आयुर्वेदाच्या औषधांच्याही अशाच ट्रायल होतात का?

नंदिनी_औंध

होतात. २०२० मध्ये कोविडसाठी अश्वगंधेच्या ट्रायलची घोषणा झाली होती, आठवत असेल. काढा असो वा कॅप्सूल, चिठ्ठ्या तिथेही टाकाव्या लागतात. पण मानसीच्या प्रश्नाकडे या रे.

केदार_चिंचवड

मानसी, हे कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. ट्रायल खरी आहे का, नोंदलेली आहे का, हे घरबसल्या बघता येतं. सीटीआरआय म्हणजे देशाची ट्रायल-नोंदवही. २००७ पासून आहे, सर्वांसाठी खुली, पैसे लागत नाहीत. आता पहिला माणूस दाखल होण्याआधीच नोंद व्हावी लागते, मागाहून केलेली चालत नाही. आजाराचं नाव आणि महाराष्ट्र टाकून शोधा. प्रत्येक ट्रायलला दोन नावं असतात, एक शास्त्रीय आणि एक सामान्यांसाठी, दुसरं वाचा. "नॉट येट रिक्रूटिंग" लिहिलं असेल तर भरती अजून सुरू व्हायची आहे. कोणाला घेणार, कोणाला नाही, कुठल्या रुग्णालयात, पैसा कोणाचा, एथिक्स कमिटीची मान्यता मिळाली की नाही, सगळं तिथे असतं. नोंदणी क्रमांक माहितीपत्रकावर नसेल तर डॉक्टरांकडे मागा.

मी स्वतः २०२० मध्ये कोविशिल्डच्या १६०० जणांपैकी एक होतो. पुण्यात धनकवडीच्या भारती हॉस्पिटलमध्ये ऑगस्टअखेर सुरुवात झाली होती, मी नंतर दुसऱ्या केंद्रावर गेलो. इंजेक्शन देऊन अर्धा तास बसवून ठेवलं, ताप लिहायला डायरी दिली. रोज संध्याकाळी तो आकडा लिहिताना आपण एकटे घरात अडकलेलो नाही असं वाटायचं.

मानसी_कर्वेनगर

मंडळी, बारा दिवसांनी लिहिते आहे. सगळ्यांचे आभार, एकेक प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ओंकार, तुमचा वाचताना ती उठून आत गेली.

नोंद सापडली, "नॉट येट रिक्रूटिंग"च आहे. तिसरा टप्पा. मूत्रपिंडाचा एक आकडा ठरावीक मर्यादेच्या आत असेल तरच घेणार आहेत, म्हणजे बाबा बसतील की नाही ते तपासणीनंतरच कळेल. मी तर आम्हीच ठरवायचं आहे असं धरून चालले होते.

काल बाबा आणि मी गेलो. बाबांनी सतरा पानं शाळेतल्या निबंधासारखी तपासून नेली होती. "भुजा" खोडून "गट", "विषय" खोडून "सहभागी", "दुहेरी-अंध"च्या जागी "कोणाला कोणती गोळी मिळते हे डॉक्टरांनाही माहीत नसेल आणि तुम्हालाही". "यादृच्छिकीकृत"वर काट मारून समासात "चिठ्ठ्या टाकून". पान नऊवर "प्रतिकूल घटना" होतं, त्याखाली लिहिलं होतं, "म्हणजे काय? चक्कर? उलटी? नाव घेऊन सांगा."

डॉक्टर ते बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी कोऑर्डिनेटरला बोलावलं आणि पूर्ण गठ्ठ्याची झेरॉक्स काढायला सांगितली. कागदातला शब्दही बदलायचा तर तो परत एथिक्स कमिटीकडे जावा लागतो म्हणे, म्हणजे सुरुवात थोडी पुढे जाईल. बाबा म्हणाले, "जाऊ दे. दोन वर्षं थांबलोय."

ताईंनी सांगितलेला पहिला प्रश्न विचारला. आत्ताची औषधं चालू राहणार, दोन्ही गटांत. लेखी मिळालं. रात्री दोनचा नंबरही मिळाला. घरी आल्यावर बाबांनी खरंच लावून बघितला, अडीच वाजता. तिसऱ्या रिंगला एका मुलीने उचलला. बाबा म्हणाले, "काही नाही, उचलता का ते बघत होतो, झोपा."

अप्पा_सदाशिव

त्या झेरॉक्सची एक प्रत मला मिळेल का? रुग्णालयाचं नाव आणि नंबर झाकून पाठवा. आमच्या कमिटीची बैठक शनिवारी आहे.

मानसी_कर्वेनगर

अप्पा, डॉक्टरांना विचारते, त्या हो म्हणाल्या तर पाठवते. बाबांना विचारलं, ते म्हणाले पान नऊ पुन्हा एकदा बघतो आणि मग दे.